ब्रेडीच्या चेंडूतली हवा

फॉक्सबरोला टॉम ब्रेडीचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या पेट्रियट्सच्या जुन्या क्वार्टरबॅकचा पुतळा बसला, तेव्हा फ्रेमिंगहॅमच्या किराणा दुकानाबाहेरच्या आमच्या कट्ट्यावर ‘डिफ्लेटगेट’, म्हणजे २०१५ च्या कोल्ट्सविरुद्धच्या सामन्यात पेट्रियट्सनी चेंडूंतली हवा मुद्दाम काढल्याचा आरोप, निघणार हे ठरलेलंच होतं. गिरीशने चहाचा पहिला घोट घेत विचारलं, “पुतळ्यात तरी हवा पुरती भरलीय का रे?”

गिरीश जेट्सवाला, म्हणजे पेट्रियट्सच्या वैरी टीमचा. जेट्सनी शेवटचा सुपर बोल, म्हणजे मोसमाची फायनल, जिंकला १९६९ मध्ये. वडील साताऱ्यात तलाठी होते, पण हा ते दुःख वडिलोपार्जित असल्यासारखं मिरवतो.

“चेंडूत हवेच्या दाबाचा नियम साडेबारा ते साडेतेरा पीएसआय,” तो हात नाचवत म्हणाला. “हाफटाइमला पेट्रियट्सचे अकराच्या अकरा चेंडू साडेबाराच्या खाली! आणखी पुरावा काय पाहिजे?”

“थर्मामीटर,” मेधा म्हणाली. ती शाळेत फिजिक्स शिकवते, त्यामुळे तिच्या वाटेला कुणी सहसा जात नाही. “दाब मोजायच्या गेजवर साडेबारा दिसले की त्यात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळव. २७.२. खोलीत २१ अंश सेल्सिअस, मैदानात ९. म्हणजे केल्विनमध्ये २९४ आणि २८२. कर गुणाकार-भागाकार. २६.१ उरतात. १४.७ वजा कर. ११.४. कुणी सुई न लावता एक पीएसआय गेला. थंडीत तुझ्या गाडीत टायरचा दिवा लागतो, तेव्हा ब्रेडीला फोन करतोस का?”

“मग कोल्ट्सचे का नाही उतरले?”

“उतरले की. ते मुळात १३ च्या आसपास भरलेले. त्यात मोजले शेवटी, तोवर खोलीत गरम होत बसले होते. वेळ संपली म्हणून चारच मोजले, आणि त्यातले तीन एका गेजवर साडेबाराच्या खालीच आले.”

“एका गेजवर म्हणजे?” गॅरेजवाला सदा जागा झाला.

खरी गंमत तिथेच आहे. गेज दोन होते. एकावर कंपनीचा लोगो होता. ते लोगोवालं दुसऱ्यापेक्षा ०.३ ते ०.४५ जास्त दाखवायचं. पेट्रियट्सच्या चेंडूंची सरासरी लोगोवाल्यावर ११.४९, दुसऱ्यावर ११.११. सामन्याआधी लोगोवालं वापरलं असेल तर सगळं थंडीच्या हिशेबात बसतं. दुसरं वापरलं असेल तर नाही. आणि सुरुवातीचे आकडे कुणी लिहूनच ठेवले नव्हते! रेफरी अँडरसनना लोगोवालं आठवत होतं. चौकशीवाल्यांनी त्यांची बाकीची आठवण मानली, ही एवढी मानली नाही.

“माझ्या गॅरेजात पोऱ्यानं असं केलं असतं तर घरी पाठवला असता,” सदा म्हणाला.

गिरीशने हुकमाचा पत्ता काढला. “आणि चेंडूंच्या पिशव्या घेऊन सामन्याआधी शंभर सेकंद बाथरूममध्ये गेलेला पेट्रियट्सचा माणूस? चौकशीच्या वेळी ब्रेडीनं फोडून टाकलेला मोबाइल?”

“चेंडूमागे आठ सेकंद. जमेल. पण जमेल म्हणजे केलं, असं नव्हे. मोबाइलचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही,” असं म्हणून मेधाने बिस्किट बुडवलं. हा एक मुद्दा गिरीशला द्यायलाच हवा. “पण हाफटाइमला हवा भरून दिल्यावर काय झालं? आधी १७–७, नंतर २८–०. भरलेले चेंडू जास्तच आवडले त्याला.”

“चार सामने घरी बसवला ना पण!”

“२०१६ मध्ये बसवला, आणि त्याच मोसमाच्या फायनलला फाल्कन्सविरुद्ध ३–२८ अशा पिछाडीवरून जिंकला. आणि गिरीशभाऊ, हा १९९ व्या नंबरला निवडलेला पोरगा मैदानात आणला कुणी? २००१ ला त्याच्या आधीच्या क्वार्टरबॅकला, ब्लेडसोला, आपटून हॉस्पिटलात धाडणारा मो लुइस कुठल्या टीमचा होता?”

गिरीश दुकानाच्या पाटीकडे बघायला लागला.

“जेट्सचा!” सदा ओरडला. “पुतळ्याखाली देणगीदार म्हणून नाव घाला यांचं! आणि काय रे, माझा टायरचा पंप गेल्या दिवाळीपासून तुझ्याकडे आहे.”

“त्याचं गेज चुकीचं दाखवतं,” गिरीश पुटपुटला.

“कितीनं?” मेधाने विचारलं.

“असेल... पॉइंट चार.”

सदाच्या नाकातून चहा आला.