बुधनचं प्रेत शबरांनी जाळलं नाही

१० फेब्रुवारी १९९८. पश्चिम बंगालमधला पुरुलिया जिल्हा. अकरबाईद गावचा बुधन शबर बायको श्यामलीला घेऊन सायकलवरून निघाला होता. वाटेत पान घ्यायला थांबला, तिथेच पोलिसांनी त्याला उचललं. कोणत्या पुराव्यावर? पुरावा कसला, तो शबर होता, इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातीतला, एवढं पुरलं. १७ फेब्रुवारीला तो तुरुंगात मेला. सांगण्यात आलं की त्याने गमछाने गळफास घेतला.

पुढे गावाने जे केलं ते मी दरवेळी नव्याने वाचते. पोलिसांना वाटत होतं, प्रेत एकदा जळलं की विषय संपला. शबरांनी पेंढ्याचा पुतळा केला आणि तो जाळला. बुधनला मात्र त्याच्या घराच्याच आवारात पुरून ठेवलं. पुन्हा शवविच्छेदन मागायचं तर शव शिल्लक हवं ना! घरातला माणूस गेलाय, छातीवर दगड ठेवून त्याचे अंत्यविधी थांबवायचे आणि पोलिसांची पाठ वळेपर्यंत खोटी चिता जळत ठेवायची. मला विचाराल तर या देशातल्या नागरी हक्कांच्या लढ्यातलं हे फार मोठं काम आहे आणि ते करणाऱ्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

महाश्वेता देवींचं नाव ठाऊक आहे, आणि असायलाच हवं. पण त्यांच्याबद्दल बोलताना आपण ‘आदिवासींची कैवारी लेखिका’ म्हणून मोकळे होतो. त्या काय करायच्या? अर्ज लिहायच्या. या अधिकाऱ्याला पत्र, त्या खात्याला स्मरणपत्र, वर्तमानपत्रात लेख. पश्चिम बंग खेडिया शबर कल्याण समितीसोबत त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. बुधन गेल्यावर समिती कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती रुमा पाल यांनी तपास सीबीआयकडे सोपवला आणि नुकसानभरपाईचा हुकूम केला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, भाषातज्ज्ञ गणेश देवी आणि आपले ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त (गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्या) आणि भटक्या जमातींच्या हक्कांसाठी देशपातळीवर काम सुरू केलं. अहमदाबादच्या छारानगरातल्या, म्हणजे छारा या विमुक्त जमातीच्या वस्तीतल्या पोरांनी ३१ ऑगस्टला बुधनवर नाटक उभं केलं. त्याच पोरांच्या आज्या-पणज्या ‘जन्मजात गुन्हेगार’ म्हणून हजेरी देत जगल्या होत्या.

३१ ऑगस्ट का, तर १९५२ साली त्या तारखेला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. १८७१ चा कायदा, ऐंशी वर्षं माणसांच्या मानेवर बसलेला. या जमातींना तारेच्या कुंपणात डांबून ठेवायच्या त्या वसाहती म्हणजे ‘सेटलमेंट’; सोलापुरात अजून ‘सेटलमेंट’ म्हटलं की कोणालाही पत्ता कळतो. तारेचं कुंपण गेलं, शब्द राहिला. पोलीस ठाण्यातल्या माणसाच्या डोक्यातला कायदा तर त्याहून चिवट आहे.

मी तालुक्याला वकिली करते, म्हणून हे पुस्तकातलं सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी एक पारधी बाई ठाण्याच्या फाटकाबाहेर बसलेली दिसली. दोन दिवस झाले होते. भाकरी फडक्यात बांधून आणलेली, ती वाळून कडक झाली होती. नवऱ्याचं आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पोलक्यात. आत विचारलं की उत्तर एकच, “तुझा माणूस इथं नाही.” मी आत गेले आणि लेखी अर्ज पुढे केला : अमुक इसमास कधी, कोणत्या गुन्ह्यात अटक केली, नातेवाइकास कळवले काय, वैद्यकीय तपासणी केली काय. पोच द्या म्हटलं. पोच द्यायला कोणी तयार नव्हतं. पण तासाभरात तो माणूस ‘सापडला’ आणि संध्याकाळी कोर्टापुढे उभा राहिला. लंगडत होता. त्या बाईने माझे पाय धरले तेव्हा मला लाज वाटली. तिच्या हक्काची गोष्ट होती ती, माझा उपकार कसला?

अटक झालेल्यांच्या हक्कांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू खटल्यातला निकाल १८ डिसेंबर १९९६ चा. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने करा, घरच्यांना कळवा, कोठडीत असेल तर दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी करा, असे ११ निर्देश. तो खटला सुरू झाला पश्चिम बंगालमधून पाठवलेल्या एका पत्रावरून! आणि १४ महिने उलटत नाहीत तोच त्याच राज्यात बुधन मेला. निकाल लागला म्हणजे तो ठाण्यात पोचला असं नसतं. तो हातात घेऊन कोणीतरी फाटकापर्यंत जावं लागतं, तेही परत परत.

परभणीचा सोमनाथ सूर्यवंशी आठवा. वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. आधी हृदयविकार सांगितला गेला, शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. आई विजयाबाईंनी सरकारची १० लाखांची मदत नाकारली. प्रकाश आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं, राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही तो आदेश कायम राहिला. साधा गुन्हा नोंदवून घ्यायला एका आईला सात महिने आणि दोन न्यायालयं लागली. दहा लाख समोर असताना ‘नको’ म्हणणं काय असतं, हे हातावर पोट असलेल्यालाच कळेल.

“पोलिसांवरही ताण असतो” हे मला सांगू नका. असतो, मान्य. माझा सख्खा मामा हवालदार होता, त्याच्या ड्यूट्या मी पाहिल्यात. ताण असलेला माणूस झोप मागतो, रजा मागतो. बांधलेल्या माणसाच्या तळव्यावर पट्टा मारत नाही.

येत्या ३१ ऑगस्टला आमच्या तालुक्यातल्या पारधी वस्तीवर ते ११ निर्देश आम्ही त्यांच्या बोलीत वाचून दाखवणार आहोत. कोरे अर्जही छापून नेतोय, फक्त नाव आणि तारीख भरायची. लिहिता येणाऱ्या दोन-चार पोरी वस्तीतच आहेत, अर्ज त्यांच्याकडे राहतील. अजून दोघे-तिघे वकील सोबत हवेत. ज्यांना यायचं आहे त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, एसटी स्टँडवर सकाळी नऊला भेटू.