‘सगळीकडे एकाच दिवशी’ हा हट्ट कुणाच्या जिवावर?

“ओपन सोर्स मेसेंजरवाल्यांची ‘माणसं कमी आहेत’ ही नुसती सबब आहे. कोड खुला आहे, जगभरातले लोक लिहितील. एकदाच लिहा, सगळीकडे चालवा. नवी सुविधा अँड्रॉइड, आयफोन आणि कॉम्प्युटरवर एकाच दिवशी आलीच पाहिजे.” हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. अशाच एका छोट्या ॲपचं अँड्रॉइडचं काम मी नोकरी सांभाळून रात्री करते. मला हे अजिबात पटत नाही.

कोड खुला आहे म्हणून हात वाढत नाहीत. बदल पाठवणारे मिळतात. तो ओळ न् ओळ तपासून, यातून कुणाचा मेसेज फुटणार नाही याची जबाबदारी घेणारे दोन-चारच असतात. सिग्नलसारख्या मोठ्या ॲपनेही 2023 मध्ये पूर्णवेळ माणसं साधारण 50 असल्याचं सांगितलं होतं.

‘एकदाच लिहा’ हे अर्धं खरं. एन्क्रिप्शनचा, म्हणजे मेसेज कुलूपबंद करण्याचा, गाभा एकदाच लिहावा. सिग्नल आणि डेल्टा चॅट ही मेसेंजर ॲप्स तो रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत ठेवतात आणि सगळीकडे वापरतात. अडतं ते गाभ्याबाहेर. आयफोन ॲपला बॅकग्राउंडमध्ये हवं तेवढं चालू देत नाही. ब्रायर हे मेसेंजर ॲप सर्व्हरशिवाय फोन ते फोन बोलतं, त्याला सतत जागं राहावं लागतं. 2018 मध्ये ते अँड्रॉइडवर आलं आणि आयफोनवर आणणं कठीण झालं, त्याचं मोठं कारण हेच.

अँड्रॉइडचाही एक फोन दुसऱ्यासारखा नसतो. लालबागला मावशीकडे गेले, तर ती म्हणाली, “तुझं ॲप बिघडलंय गं.” मी बाहेरच्या खोलीतून मेसेज टाकला. ओट्याजवळच्या फळीवरचा तिचा जुना, स्वस्तातला फोन गप्प. ॲप उघडलं आणि सात मेसेज धाडकन आले. त्यात चाळीच्या ग्रुपवरचा सकाळचा निरोप होता: आज पाणी चारलाच येईल, भरून ठेवा. पाणी येऊन गेलं होतं. बॅटरी वाचवायला फोनने ॲप परस्पर बंद केलं होतं. माझ्या पुढच्या दोन आठवड्यांच्या रात्री त्यात गेल्या, आणि कॉम्प्युटरवरचे स्टिकर मागे पडले. मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. आपल्याकडे दहातले नऊहून जास्त फोन अँड्रॉइड आहेत, आणि त्यात असे स्वस्तातले पुष्कळ.

राहिला एकाच दिवसाचा आग्रह. सिग्नलचा पूर्वज टेक्स्टसिक्युअर 2010 मध्ये अँड्रॉइडवर आला, आयफोनवर सिग्नल 2014 मध्ये, कॉम्प्युटरवर 2015 च्या अखेरीस. टप्प्याटप्प्याने आल्यामुळे त्याचं काही अडलं नाही. सुरक्षेची दुरुस्ती मात्र सगळीकडे एकदमच गेली पाहिजे, तिथे मी त्या मजकुराच्या बाजूची आहे.

तुमच्या घरी असा जुना अँड्रॉइड पडून असेल तर तो चाचणीला लावा. रात्रभर चार्जिंगशिवाय ठेवा आणि सकाळी ॲप न उघडता बघा, मेसेज आलेत का.