धोंडीराम हे माझ्या वडिलांचं नाव

शाळेत हजेरीला माझं पूर्ण नाव घेतलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. 'धोंडीराम' ऐकून. मग पुढे कित्येक वर्षं मी मधलं नाव नुसतं 'डी.' लिहीत आलो. आज त्याची फार लाज वाटते.

आजीची आधीची तीन मुलं वर्षाच्या आत गेली होती. चौथ्याला दृष्ट लागू नये म्हणून तिनं त्याला धोंडा म्हटलं. दगडाला कोण नेणार? दगडू, केरू, भिका ही नावंही त्याच धास्तीतून आलेली. कुणी बाळाला केरात ठेवून उचलायचं, कुणी शेजारणीच्या ओटीत घालून पसाभर धान्याला परत विकत घ्यायचं. देवी आणि पटकीच्या साथी पोरं उचलून नेत होत्या तेव्हा आईच्या हाती एवढंच होतं. आणि धोंड्याला शेंदूर लावला की त्याचाच देव होतो, हेही त्या बायांना पक्कं ठाऊक होतं.

हे नाव काही एका जातीचं किंवा फक्त खेड्यातलं नव्हे. 1857 च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचं मूळ नाव धोंडोपंत. 'बलुतं' लिहिणारे दया पवार म्हणजे दगडू मारुती पवार. आणि धोंडो केशव कर्वे! 1893 मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा मुरूडकरांनी वाळीत टाकलं. अण्णा कर्वे हलले नाहीत. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम, 1916 मध्ये महिला विद्यापीठ, 1958 मध्ये, वयाच्या शंभरीत, भारतरत्न. 104 वर्षं जगले. याहून टिकाऊ धोंडा कुठला दाखवायचा?

मला खरा राग येतो तो 'नकुशी'चा. मुलाला वाईट नाव दिलं ते तो जगावा म्हणून, मुलीला दिलं ते पुन्हा मुलगी होऊ नये म्हणून. सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये अशा कितीतरी मुलींची नावं समारंभानं बदलली, ते योग्यच झालं. पण धोंडीराम, दगडू यांना त्याच पंगतीत बसवून हसू नका. ती नावं आयांनी जीव मुठीत धरून ठेवली होती.

परवा दाराची पाटी करायला टाकली. रंगाऱ्यानं विचारलं, "मधलं नाव डी. करू का? जागा कमी आहे."

म्हटलं, पाटी मोठी करा.