नदीकाठी फावडी नकोत, खाणीत शिरायचा हक्क द्या

खाणींनी बिघडवलेली नदी साफ करण्यात लोकांनी नेमकं काय करायचं, यावर आमच्या कट्ट्यावर वाद पेटला तो बंड्याच्या एका वाक्यावरून. "खाणीच्या घाणीनं नदी मेली असेल, तर दोन-चारशे माणसं गोळा करायची, फावडी-घमेली घ्यायची आणि आठवडाभर राबायचं. लोकसहभाग म्हणजे आणखी वेगळं काय असतं?"

सरांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलंय. कट्ट्यावर ते सहसा सगळ्यांचं ऐकून घेऊन मग बोलतात, पण या वेळी थांबले नाहीत. "प्लास्टिक उचलता येतं रे बंड्या. पाण्यात विरघळलेलं जस्त आणि कॅडमियम कुठल्या घमेल्यात भरणार तू?"

मग त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. खडकात पायराईट असतं, म्हणजे लोह आणि गंधक. जमिनीत गाडलेलं असतं तोवर कुणाला त्रास नाही. खाण खणली की त्याचा हवेशी आणि पाण्याशी संबंध येतो आणि गंधकाम्ल तयार होतं. काही जिवाणू हे काम कैक पटींनी वाढवतात. त्या आम्लात तांबं, जस्त, शिसं, खडकात जे असेल ते विरघळतं आणि नदीची वाट धरतं. पुढे चांगलं पाणी मिसळून आम्ल सौम्य झालं की लोहाचा नारिंगी साका तळाला बसतो आणि दगडांवर थर चढतो. "त्या दगडांखाली किडे राहतात आणि किड्यांवर मासे जगतात. किडे गेले की वरचं पाणी कितीही नितळ दिसू दे, मासा टिकत नाही. आणि खाण बंद केली म्हणून हे थांबतं असं समजू नका. पंप बंद पडले की भुयारं भरतात आणि कुठल्यातरी तोंडातून ते पाणी बाहेर यायला लागतं. पिढ्यान्‌पिढ्या येत राहतं."

"म्हणूनच मी म्हणतो, लोकांनी यापासून लांब राहावं," दादा म्हणाले. त्यांची उभी हयात खाणींत भूवैज्ञानिक म्हणून गेली आहे. "त्या गाळात आर्सेनिक असतं, शिसं असतं. उत्साहाच्या भरात तिथं माणसांना खणायला लावणं हा गुन्हा आहे. हे तज्ज्ञांचं काम आहे."

फावड्यांबद्दल दादांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पण 'लांब राहावं' हे शब्द ताईंना झोंबले, आणि झोंबायलाच हवे होते. पाणीप्रश्नावर लोकांसोबत काम करण्यात त्यांचं आयुष्य गेलंय.

"दादा, जपानमधल्या जिंझू नदीचं तुम्हाला मी सांगायला नको," त्या म्हणाल्या. "कामिओका खाणीतलं कॅडमियम नदीत आलं, नदीतून पाटाच्या पाण्यानं भातखाचरांत गेलं, भातातून माणसांत. बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानंसुद्धा मोडायची. सरकारनं ते मान्य केलं 1968मध्ये. त्याच वर्षी लोक कोर्टात गेले. 1972मध्ये अपिलातही जिंकले. आता पुढचं ऐका. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंपनीकडून करारावर सह्या घेतल्या. भरपाई, शेतजमिनीची दुरुस्ती आणि तिसरी गोष्ट अशी, की रहिवासी मनात येईल तेव्हा आपल्या पसंतीचे शास्त्रज्ञ घेऊन खाणीच्या आत जातील, कागदपत्रं मागतील, नमुने घेतील. खर्च सगळा कंपनीचा."

बंड्यानं विचारलं, "आत? म्हणजे खाणीच्या आवारात?"

"आवारात, भट्टीपाशी, सांडपाण्याच्या नळापाशी, जिथं हवं तिथं. दरवर्षी सगळे मिळून तपासणी करत आले. शेतीची माती बदलायचं काम 1979 ते 2012 चाललं, 863 हेक्टर. नदीतलं कॅडमियम हळूहळू निसर्गात मुळात असतं तेवढ्यावर आलं. हे कुणी नदीकाठी झाडू मारून झालेलं नाही. कंपनीच्या इंजिनिअरला समोर बसवून, गळती इथून होते की तिथून, असं वर्षानुवर्षं विचारत राहिल्यानं झालं."

माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. लोकांना बोलवायचं कुठं, तर नदीच्या काठावर नव्हे, घाण जिथून निघते त्या दारापाशी. आणि बोलवायचं म्हणजे पाहुणे म्हणून नव्हे, कधीही येण्याचा लेखी हक्क देऊन.

दादा सहजासहजी हार मानणारे नाहीत. "तिथं एकच कंपनी होती, जिवंत होती, पैसेवाली होती. जिथं खाणवाले पन्नास वर्षांपूर्वीच निघून गेले तिथं कुणाच्या दारात जाणार? आणि लोक नेहमी नदीच्या बाजूनंच उभे राहतात असं कुणी सांगितलं? अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये सिल्व्हर्टनजवळ जुन्या खाणींतून आम्लाचं पाणी वर्षानुवर्षं ॲनिमस नदीत जात होतं. सरकार सुपरफंडच्या, म्हणजे सरकारी देखरेखीखाली साफ करायच्या विषारी जागांच्या, यादीत तो भाग घालायला निघालं, तर गावातल्याच बऱ्याच लोकांनी अडवलं. गावाच्या नावाला बट्टा लागेल, पर्यटक येणार नाहीत म्हणून. शेवटी 5 ऑगस्ट 2015ला गोल्ड किंग खाणीचं तोंड फुटलं आणि एक कोटी लिटरच्या वर पिवळं पाणी नदीत गेलं. 2016मध्ये यादीत नाव आलं. हा तुमचा लोकसहभाग?"

"पण ते तोंड फोडलं कुणी, हेही सांगा की," ताई म्हणाल्या. "पर्यावरण खात्याच्याच माणसांच्या देखरेखीखाली काम चालू असताना फुटलं. तज्ज्ञच होते ना ते?"

दोघांचंही खरं होतं. सिल्व्हर्टनच्या लोकांना अडाणी ठरवून मोकळं होता येत नाही. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, आणि नदी साफ होईपर्यंतच्या काळात त्यांचं काय, याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं. विरोध करणारा माणूस बहुतेक वेळा असाच एखादा रास्त प्रश्न घेऊन उभा असतो. त्याला सुरुवातीलाच बसवून विचारलं नाही, तर तो शेवटी दार अडवून विचारतो.

आता वकीलसाहेबांना राहवेना. "कायद्यात लोकांना जागा कुठं दिलीय ते बघा, मग सगळं कळेल. अमेरिकेचा सुपरफंड कायदा 1980चा. सफाईचा मार्ग निवडताना तिथं नऊ कसोट्या लावतात. लोकांना तो मार्ग मान्य आहे का, ही त्यातली शेवटची, नववी. आराखडा आधी तयार होतो, मग लोकांचं मत मागवतात. तोपर्यंत लोकांच्या हातात 'हो' किंवा 'नाही' एवढंच उरतं. 1986च्या दुरुस्तीनं मात्र एक चांगली सोय झाली. बाधित लोकांच्या गटाला अनुदान मिळतं, सुरुवातीला 50 हजार डॉलरपर्यंत. त्यातून त्यांनी स्वतःचा तज्ज्ञ नेमायचा आणि सरकारी अहवाल त्याच्याकडून समजून घ्यायचे."

"म्हणजे तज्ज्ञ आपला," सर म्हणाले. "हे महत्त्वाचं. हजार पानांचा अहवाल समोर टाकून हरकती मागवणं म्हणजे लोकांना विचारणं नव्हे."

"आणि सर, स्वतःहून सफाई करायला पुढे येणाऱ्यांचीच पंचाईत होते. सोडून दिलेल्या खाणीचं पाणी एखाद्या संस्थेनं शुद्ध करायला घेतलं, तर त्या पाण्याची जन्माची जबाबदारी तिच्या गळ्यात पडायची भीती. चांगलं करायला गेलेला कोर्टात उभा. या भीतीनं किती तरी कामं अडली. डिसेंबर 2024मध्ये कुठं अशा लोकांना संरक्षण देणारा कायदा झाला, तोही प्रायोगिक, जास्तीत जास्त 15 कामांपुरता."

बंड्या गप्प बसला होता. म्हणाला, "मग माझ्यासारख्यानं करायचं काय? करार वकील करणार, तपासणी शास्त्रज्ञ करणार."

यावर सर जे बोलले ते मी जसंच्या तसं इथं उतरवतोय, कारण असं कुणी सहसा समजावून सांगत नाही.

"नदीकाठी रोज असतो कोण? सरकारी माणूस महिन्यातून एकदा ठरल्या दिवशी येतो, नमुना घेतो, जातो. खाणीच्या ढिगांवर कोरड्या दिवसांत क्षार साठतात, पांढरे, पिवळे, तांबं असेल तर निळसर-हिरवे. मोठ्या खंडानंतर पहिली जोरदार सर आली की ते सगळे एकदम विरघळून नदीत जातात. काही तासांचा खेळ. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा बरं दिसतं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या क्लार्क फोर्क नदीत 1980च्या दशकात वादळी पावसानंतर असेच मासे मेले, काठावरच्या गाळातले तांब्याचे क्षार वाहून आल्यामुळे. ते काही तास पकडायचे असतील तर माणूस तिथला हवा. विद्युतवाहकता मोजायचं, म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळलेत ते दाखवणारं, खिशात मावणारं यंत्र रोज एकाच जागी, एकाच वेळी बुडवायचं आणि वहीत लिहायचं. आकडा अचानक चढला की त्याच घटकेला बाटली भरायची. पण शिकून भरायची. बाटली आधी आम्लानं धुतलेली हवी. विरघळलेला धातू मोजायचा असेल तर पाणी काठावरच 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं, मग नायट्रिक आम्लाचे थेंब घालायचे. नाही घातले तर धातू बाटलीच्या भिंतीला धरून बसतो आणि प्रयोगशाळेत पाणी स्वच्छ निघतं. कुणी भरली, कधी भरली, कुणाच्या हातात दिली, सगळं सहीनिशी. नाहीतर समोरचा वकील पाच मिनिटांत उडवून लावेल."

"पाचसुद्धा लागणार नाहीत," वकीलसाहेब म्हणाले.

दादांनी मान डोलावली. "असं असेल तर मी स्वतः शिकवायला येईन. माझा विरोध उत्साहाला आहे, लोकांना नाही."

इथं वाद मिटला असं वाटलं, पण सरांनी क्लार्क फोर्कचं नाव काढलं होतं आणि ताई ते सोडणार नव्हत्या. त्या नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या ब्यूट शहराच्या खाणींचा गाळ 1908च्या पुरात सुमारे 190 किलोमीटर वाहत येऊन नव्यानंच बांधलेल्या मिलटाउन धरणामागे साठला. 1981मध्ये तिथल्या विहिरींत आर्सेनिक सापडलं. धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या मिझुला शहराच्या भागातल्या लोकांनी वर्षानुवर्षं रेटा लावला, धरण काढा, नदी मोकळी करा. 2008च्या मार्चमध्ये धरण फोडलं आणि नदी वाहती झाली. लोकसहभागाचा विजय म्हणून हे सगळीकडे सांगतात, आणि तो विजय आहेच.

"पण गाळ गेला कुठं?" ताईंनी विचारलं. "वीस लाख घनयार्डांहून जास्त गाळ रेल्वेनं उलट वरच्या अंगाला नेला आणि अनाकोंडाजवळच्या ऑपर्च्युनिटी या छोट्या वस्तीशेजारी टाकला. तिथं आधीच खाणीच्या गाळाची मोठी तळी होती. खालच्या शहरात माणसं जास्त, आवाज मोठा. वरच्या वस्तीत माणसं थोडी. लोकांचं ऐकलं म्हणता, ते कुठल्या लोकांचं?"

दादा म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या जागा बरोबर होती. आधीच बिघडलेली जमीन, नदीच्या पात्रापासून दूर. नवी जागा खराब करण्यापेक्षा हे बरं."

"मान्य. पण आधीच बिघडलेल्या जमिनीशेजारी जे राहतात त्यांनी हे दर वेळी ऐकून घ्यायचं?"

यावर आमचं एकमत झालं नाही. सर दादांच्या बाजूला, बंड्या ताईंच्या, वकीलसाहेब म्हणाले की तसा कुणाला नकाराधिकार दिला तर एकही नदी साफ होणार नाही. मला स्वतःला वाटतं की नकाराधिकार देता येणार नसेल, तर निदान गाळ ज्यांच्या शेजारी जाणार त्यांना जिंझूच्या लोकांसारखा करार मिळालाच पाहिजे. त्या ढिगाऱ्यात कधीही शिरायचा, पाण्याचे नमुने घ्यायचा, आपला तज्ज्ञ नेमायचा हक्क, आणि खर्च ज्यानं घाण केली त्याचा. तोही मालवाहू गाडी निघण्याआधी सहीशिक्क्यानिशी. वकीलसाहेबांनी अशा कराराचा कच्चा मसुदा करून आणायचं कबूल केलंय. दादा त्यात नमुने कुठून आणि किती वेळा घ्यायचे ते भरणार आहेत. ताईंनी आत्ताच बजावलंय, की 'कंपनीच्या पूर्वपरवानगीनं' हे शब्द त्यात कुठंही दिसले तर त्या सही करणार नाहीत.