बोली क्रियापदात धरा
ग्रामीण कथेतला प्रत्येक शब्द कानावर पडतो तसाच लिहावा, हे ग्रामीण कथालेखनावरच्या एका लेखातलं म्हणणं पटलं नाही. अशानं वाचक दुसऱ्या पानावरच थकतो. बोली क्रियापदात आणि वाक्याच्या चालीत धरा, जोडाक्षरं मोडण्यात नव्हे. परभणीकडचा माणूस 'काय करायलास?' म्हणेल, लातूरकडचा 'काय करूलालास?', एकाच घरात वाढलेल्या दोन भावांच्या तोंडी दोन्ही आलं की पात्रं खोटी वाटतात. (सून लातूरची असेल तर मात्र हाच फरक कामाला येतो!) निवेदन प्रमाण भाषेत सुरू केलं असेल तर मध्येच घसरू देऊ नका, बोलतंय कोण तेच कळत नाही. खर्डा झाला की नुसते संवाद मोठ्यानं वाचा. 'तो रागानं म्हणाला' खोडून बघा. राग गेला तर संवादच कच्चा आहे.