थेंब गोठवायला १/८००० चा कॅमेरा लागत नाही

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय: "पडणारा थेंब गोठवायचा तर १/८००० सेकंद शटर स्पीडचा कॅमेरा हवाच, फ्लॅश १/२०० च्या वर चालत नाही म्हणून तो बाजूला ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याच्या सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा आणि बर्स्ट (सलग फोटो) दाबून धरा." माझ्या अकरावीतल्या भाचीने हे वाचून प्रयोगच सोडून दिला, मला ते फार लागलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी १/८०००. खोलीत मिट्ट काळोख असला तर शटर २ सेकंद उघडं राहिलं तरी सेन्सरवर काही उमटत नाही, उमटतं ते फक्त फ्लॅश पेटला तेवढ्या क्षणाचं. आणि कॅमेऱ्यावर लावायचा साधा फ्लॅश फुल पॉवरला साधारण १/१००० सेकंद किंवा जास्तच वेळ पेटतो, पण मॅन्युअलवर टाकून १/१२८ पॉवरला आणला की १/२०००० च्याही खाली जातो (काही स्टुडिओ लाइट्सचं उलटं असतं, पॉवर कमी केली की ते जास्त वेळ पेटतात). ४० सेंटीमीटरवरून पडलेला थेंब खाली पोचताना सेकंदाला २.८ मीटर वेगात असतो, म्हणजे १/१००० मध्ये जवळजवळ ३ मिलिमीटर सरकतो आणि फोटोत लांबट दिसतो, १/२०००० मध्ये सरकतो फक्त ०.१४ मिलिमीटर. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, टॅल्बट, यांनी १८५१ साली लंडनमध्ये गरगर फिरणाऱ्या चाकावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवून विजेच्या ठिणगीच्या उजेडात त्याचा फोटो काढला होता, अक्षरं वाचता येतील असा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एजर्टन यांचा, थेंब आपटून उडालेल्या दुधाचा तो प्रसिद्ध मुकुट, १९५७ चा, तोही फ्लॅशच्याच जोरावर.

१/२०० ची मर्यादा खरी आहे, पण तिचा अर्थ एवढाच की तिथपर्यंत शटर एका क्षणी पूर्ण उघडं असतं, त्यापुढे दोन पडद्यांमधली फट सेन्सरवरून सरकत जाते. आपल्याला त्यापुढे जायचंच नाहीये, १/२०० वरच ठेवलं तर थेंब दिसण्यापुरता मंद उजेडही चालतो! आणि कोणी हाय स्पीड सिंक (१/२०० च्या वरही फ्लॅश चालवायची सोय) सुचवलं तर ऐकू नका, त्यात फ्लॅश लुकलुकत जास्त वेळ पेटत राहतो, आपल्याला हवा तो एकच छोटा झटका मिळत नाही.

आयएसओचं गणित करून बघा. स्वयंपाकघरातल्या ट्यूबच्या उजेडात एफ/८ (लेन्सचं छिद्र बरंच लहान) आणि १/८००० ठेवायचं तर आयएसओ ४ लाखांच्या घरात जातो, फोटोत नुसते दाणे.

बर्स्टबद्दल तर सगळ्यात वाईट वाटतं कारण खरी मजा टायमिंगमध्येच आहे. सेकंदाला १० फोटो म्हणजे आपटायच्या आधीच्या दोन फोटोंमध्ये तोच थेंब साधारण २३ सेंटीमीटर खाली गेलेला. त्यापेक्षा मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा, बाटलीला लावा, त्याच्या चाकाने थेंब एका लयीत सोडा. ४० सेंटीमीटर पडायला थेंबाला ०.२९ सेकंद लागतात, थेंब सुटलेला दिसल्यावर आपलं बोट हलायला साधारण ०.२ आणि कॅमेरा थोडा वेळ घेतो, म्हणजे सुटताना दाबलं की बरोबर आपटताना फोटो! उंची दोन-तीन सेंटीमीटर वरखाली करत राहा, मुकुट कधी अर्धवट कधी पूर्ण मिळेल. फोकस मॅन्युअल, थेंब पडतो तिथे पेन्सिल धरून करायचा.

मेसेज एका ठिकाणी बरोबर आहे, भर उन्हात उडणारा बगळा किंवा बॉलरचा हात गोठवायचा तर शटरच वेगवान लागतं, तिथे फ्लॅश कुठवर पोचणार.

भाचीने परवा पुन्हा मांडामांड केली, थाळीत दूध, काळा कागद मागे. पहिल्या फोटोंत थेंबामागे पुसट शेपूट आली, कारण दारातून पॅसेजचा दिवा येत होता. तुम्हालाही तसं दिसलं तर फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा, तो पूर्ण काळा आला पाहिजे. आणि काळा येऊनही शेपूट राहिली तर पॉवर अजून खाली आणून फ्लॅश थेंबाच्या वीतभर जवळ न्या.