सातबाऱ्यावर बहिणीचं नाव आलं म्हणून शेती मोडत नाही

पेरणी तोंडावर आली की हा मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला तीन गटांवर आला: गावाच्या, भावकीच्या आणि शाळेतल्या मित्रमैत्रिणींच्या. मजकूर थोडक्यात असा. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा देणारा कायदा शेतकऱ्याच्या मुळावर आला आहे. त्याच्यामुळे एकराचे गुंठे झाले. मुलीच्या लग्नात बापाने खर्च केलेला असतोच, म्हातारपणी मुलगाच सांभाळतो, मग वाटा कसला? बहीण वाटा घेते, परक्याला विकते आणि घरं तुटतात. समानता शहरातल्या नोकऱ्यांत ठेवा. शेती टिकवायची असेल तर जमीन मुलाच्याच नावावर राहू द्या.

पुढे पाठवणाऱ्यांत माझा सख्खा चुलतभाऊ आहे. तो कष्टाळू शेतकरी आहे, मनाने वाईट नाही. शेती टिकावी ही त्याची तळमळ खरी आहे आणि माझीही तीच आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा तुकड्यांचा. सगळा मेसेज त्याच्यावर उभा आहे, तेव्हा इथे जरा थांबू. महाराष्ट्रात एका वहिती खात्याचं, म्हणजे एकत्र कसल्या जाणाऱ्या जमिनीचं, सरासरी क्षेत्र कृषी गणनेप्रमाणे 1970-71 साली 4.28 हेक्टर होतं. 1990-91 साली ते 2.21 हेक्टरवर आलं, म्हणजे वीस वर्षांत जवळजवळ निम्मं झालं. या वीस वर्षांत बहिणींनी किती जमीन नेली असेल? 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात वारसा दिला होता, पण एकत्र कुटुंबाच्या जमिनीत जन्माने हक्क होता तो फक्त मुलग्यांना. महाराष्ट्राने मुलीला तो हक्क दिला 1994 साली, तोही 22 जूनच्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभर तो लागू झाला 9 सप्टेंबर 2005 ला. आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं 11 ऑगस्ट 2020 ला, विनीता शर्मा खटल्यात. म्हणजे मुलीचा जन्मसिद्ध हक्क कागदावर येण्याआधीच रान निम्म्यावर आलं होतं. ते वाटलं गेलं भावाभावांत, मग त्यांच्या मुलांत. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत, 2015-16 पर्यंत, ते 1.34 हेक्टरवर आलं. घट चालूच राहिली, पण तिचा वेग आधीपेक्षा कमी आहे. कायद्याने तुकडे वाढवले असते तर उलट दिसायला हवं होतं.

त्याच 2015-16 च्या गणनेत देशातल्या वहिती खात्यांपैकी बायकांच्या नावची खाती साधारण 14 टक्के आहेत आणि त्यांच्याकडचं क्षेत्र 12 टक्क्यांच्याही आत. ज्यांच्याकडे एवढंच रान आहे, त्यांच्या माथी सगळ्या तुकड्यांचं खापर कसं फोडायचं?

आता साधा हिशेब. गावातल्या प्रत्येक घराने मुलीला वाटा दिला, तर भावाच्या हातून जेवढं रान जातं तेवढं त्याची बायको तिच्या माहेरून आणते. जोडप्यामागची जमीन सरासरीने तेवढीच राहते. हा हिशेब चुलतभावाला सांगितला तेव्हा तो म्हणाला, "तिचं रान तिकडं लातूरकडं, मी इकडं. कसायचं कसं?" ही अडचण खरी आहे आणि मी ती नाकारत नाही. पण तिच्यावर गावाला वाट माहीत आहे. नोकरीला पुण्याला गेलेल्या भावाचं रान आपण बटईने करतोच की. त्याने पुण्याला राहून सातबाऱ्यावरचं नाव ठेवलं तर कुणी म्हणत नाही की शेती बुडाली.

इथेच एक गैरसमज आहे. शिकलेली माणसंही तो बाळगून असतात. वारस नोंद वेगळी आणि वाटप वेगळं. वडील गेल्यावर तलाठ्याकडे अर्ज दिला की फेरफार होतो आणि बहिणीचं नाव भावांबरोबर कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, लागतं. त्याने बांध पडत नाही, मोजणी होत नाही, विहिरीचं पाणी वाटलं जात नाही. रान सामाईक राहतं. एकाने कसावं, बाकीच्यांना धान्य किंवा खंड द्यावा. नाव लावणं म्हणजे रान तोडणं नव्हे. बांध घालायचाच असेल तर फार लहान तुकडे पाडायला रोखणारा तुकडेबंदीचा 1947 चा कायदा आहे आणि तो भावाला लागतो तसाच बहिणीला लागतो.

"बहीण परक्याला विकते." भाऊ विकत नाहीत? शहराजवळच्या, हमरस्त्यालगतच्या जमिनी गुंठ्या-गुंठ्याने कुणी विकल्या, हे प्रत्येकाने आपल्या गावापुरतं आठवून बघावं. आणि वारशाने मिळालेला हिस्सा एखाद्या वारसाने विकायला काढला, तर तो आधी घेण्याचा हक्क बाकीच्या वारसांना 1956 च्याच कायद्याच्या कलम 22 ने दिलेला आहे. शेतजमिनीलाही हे कलम लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सांगितलं. मेसेज लिहिणाऱ्याने जमीन परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून हे कलम सांगितलं असतं, तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

"लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा." लग्नाचा खर्च मांडवात, जेवणावळीत आणि मानपानात जातो. उरलेला हुंडा म्हणून सासरच्या हाती पडतो, आणि हुंडा 1961 पासून गुन्हा आहे. त्यातलं तिच्या हाताला काय लागतं? मुलाच्या लग्नातही खर्च होतो, त्याच्या शिक्षणावर होतो, तो कुणी त्याच्या वाट्यातून वजा केलेला मी ऐकला नाही. सोनं मोडता येतं, भांडी झिजतात. जमीन दर पावसाळ्याला परत उभी राहते. एकाला पीक देणारी वस्तू आणि दुसरीला एका दिवसाचा थाट, याला वाटणी म्हणत नाहीत.

"आईबापांना मुलगा सांभाळतो." अनेक घरांत सांभाळतो, आणि खरं सांगायचं तर सांभाळते सून, जिचं नाव त्या सातबाऱ्यावर नसतं. कायद्याने ही जबाबदारी एकट्या मुलावर टाकलेलीच नाही. विजया मनोहर अरबट यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली सांगितलं की लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांना पोसण्याची जबाबदारी आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी दोघंही येतात. जबाबदारी दोघांची असताना हक्क एकाचाच कसा?

मग येतं "घरं तुटतात". जमिनीवरून होणाऱ्या भांडणाला आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, भाऊबंदकी. बहिणींच्या भांडणाला असा शब्द मराठीने घडवला नाही. शेकडो वर्षं बांध कोरले, विळे-कोयते निघाले, तालुक्याच्या कोर्टात पिढ्या गेल्या, ते सगळं भावाभावांत. तरी कुणी असं म्हटलं नाही की धाकट्याने हक्क सोडावा म्हणजे घर टिकेल.

बहिणीला मात्र आपण तेच सांगतो. माझ्या आत्याला सांगितलं. आजोबा 1999 साली गेले. महिन्याभराने तिला बोलावून घेतलं, जेवायला पुरण केलं, साडी-चोळी केली आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. सही घेणारे माझे वडील होते. त्यांनी दमदाटी केली नाही, फसवलं नाही. नाही म्हटलं तर माहेर तुटेल हे तिला कुणी सांगावं लागलं नाही, एवढंच. पाच वर्षांनी तिचे यजमान गेले, सासरी दिरांनी नाव लावू दिलं नाही आणि ती दोन मुलं घेऊन आमच्याकडे परत आली. ज्या रानात तिचा हिस्सा होता त्याच रानात ती रोजाने खुरपायला जायची. पिठाच्या डब्याखाली रोजाचे पैसे ठेवायची. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

आत्यासारख्या बायका थोड्या नाहीत. महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ आणि मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या 505 बायकांची पाहणी 2018 साली केली. त्यातल्या 40 टक्के बायकांच्या नावावर, त्या स्वतः कसत होत्या ती जमीन झालेली नव्हती. सातबारा नाही म्हणून बँक पीककर्ज देत नाही. पीएम किसानचे पैसे येतात ते ज्याच्या नावावर रान आहे त्याला. ज्या घराचा कर्ता कर्जापायी गेला, त्या घराला पुन्हा सावकाराच्याच दारात उभं करायला एवढं पुरतं. "शेती टिकवण्यासाठी" बाईचं नाव वगळलं की प्रत्यक्षात हे होतं.

आणि शेवटी "समानता शहरात ठेवा, शेतीत नको". हा मुद्दा तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. शेतीत बाई बाहेरून आलेली नाही. 2017-18 च्या सरकारी श्रमबल पाहणीत ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या बायकांपैकी 73 टक्के शेतीत होत्या, पुरुषांपैकी 55 टक्के. पुरुष गवंडीकामाला, ड्रायव्हरकीला, कंपनीत गेला. मागे रान करते ती बाई. पेरणी, खुरपणी, कापूस वेचणी, जनावरं, सगळं तिच्याकडे, आणि निर्णय मात्र ज्याचं नाव आहे त्याचा. बोअर कुठे पाडायचं, ऊस लावायचा की ज्वारी, शेणखत विकायचं की रानात घालायचं, या निर्णयांवर जमिनीचं पुढच्या वीस वर्षांचं आयुष्य ठरतं.

बाई जात्याच निसर्गाच्या जवळ असते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. ती वेगळा निर्णय घेते कारण तिची गरज वेगळी आहे. पाणी आटलं की डोक्यावर हंडा तिच्या येतो. डाळ संपली की चूल तिची अडते. म्हणून घरच्या ताटात येईल ते पेरावं असं तिला वाटतं. मराठवाड्यात दुष्काळाच्या वर्षांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर काम करणाऱ्या बायकांनी घरच्यांकडे अर्धा-एक एकर मागून घेतला. बाकी रानात तुमचं नगदी पीक घ्या, एवढ्यात आम्ही ठरवू, असं म्हणून त्यांनी कमी पाण्यावरची धान्यं, डाळी, भाज्या मिसळून घेतल्या, रासायनिक खतं-औषधं टाळली. या कामाला 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पण त्या बायकांना एक एकर मागावा लागला, हे मी विसरू शकत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 ची पद्मश्री मिळाली ती गावठी बियाणं जपल्याबद्दल. बियाणं गाडग्यात राखेत ठेवणारी बाई आपल्या प्रत्येक गावात होती. ते कुठल्या रानात पेरायचं हे ठरवणारी मात्र क्वचित.

जगाच्या पातळीवरचा अंदाजही हेच सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2011 साली मांडलं होतं की बायकांना पुरुषांइतकीच जमीन, कर्ज, बियाणं, सल्ला ही साधनं मिळाली तर त्यांच्या शेतातलं उत्पादन 20 ते 30 टक्क्यांनी वाढू शकतं आणि जगातल्या भुकेल्या माणसांची संख्या 12 ते 17 टक्क्यांनी कमी होऊ शकते.

हे शहरातून आलेलं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक आठवण. नाशिक जिल्ह्यात चांदवडला 1986 च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेने बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं होतं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मी मुक्ती अभियान काढलं: ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या बायकोच्या नावावर जमीन करतील, त्या गावात ते स्वतः जायचे. कांदा आणि कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेले, कर्जाने पिचलेले ते शेतकरी होते. त्यांनी तलाठ्याकडे जाऊन नावं लावली. बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सरकारी लक्ष्मी मुक्ती योजना आजही आहे. माझ्या चुलतभावाच्या वडिलांनी त्या काळात संघटनेचा लाल बिल्ला लावला होता. तो बिल्ला त्यांच्या देवघरात अजून आहे.

आत्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी माझे वडील आजारातून उठले आणि त्यांनी स्वतःहून विहिरीकडचा एक एकर तिला बक्षीसपत्राने दिला. तिच्या मूळ हिश्श्यापेक्षा तो कमी आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे. इतकी वर्षं त्या रानात खुरपणाऱ्या बाईने तिथे कधी एक झाड लावलं नव्हतं. दुसऱ्याच्या रानात कुणी लावत नाही. सातबाऱ्यावर नाव आलं त्या पावसाळ्यात तिने बांधाला सात चिंचा लावल्या. तिचं वय तेव्हा अडुसष्ट होतं. चिंचेला फळ धरायला किती वर्षं लागतात हे मी तिला विचारलं नाही, ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.